स्वतःचं इंजिन की भावाचं? थॅलेसेमियाच्या एका घराचं प्रकरण

एप्रिल २०२४, मंगळवार. आमच्या डे केअरला मंगळवारी गर्दी असते, कारण रविवारच्या शिबिरांतलं रक्त तपासून तोवर हाताशी आलेलं असतं. मोठी तिच्या नेहमीच्या खाटेवर, खिडकीपाशी. डाव्या हाताला सुई, उजव्या हातात बिस्किटाचा पुडा. एरवी रक्त सुरू झालं की तिचे बाबा गॅरेजवर पळतात. त्या दिवशी थांबले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, पवईत जीन थेरपी निघालीय. राष्ट्रपती येऊन गेल्या. भांडुपहून रिक्षाने वीस मिनिटं. आणि आपण इकडे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवत बसलोय?"

मी पालिकेच्या एका रुग्णालयात थॅलेसेमियाच्या, म्हणजे अंगात पुरेसं रक्त बनत नाही अशा, मुलांच्या घरच्यांशी बोलायचं काम करते. हुद्दा समुपदेशकाचा, काम हरवलेला केसपेपर शोधण्यापासून तहसीलदाराच्या दाखल्यापर्यंत काहीही. हे घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत. मुलीला मोठी आणि तिच्या भावाला धाकटा म्हणते. घरातही तेच चालतं.

बातमी खरी होती. ४ एप्रिलला द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत नेक्सकार-१९ चं लोकार्पण झालं होतं. आयआयटी आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून घडवलेला, पूर्ण देशी बनावटीचा उपचार. पण तो रक्ताच्या काही कॅन्सरवरचा. त्यात रुग्णाच्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतात, त्यांच्यात एक जनुक घालतात आणि शिकारी बनवून परत सोडतात. त्या कॅन्सरच्या पेशी शोधून मारतात. आमच्या मोठीच्या रक्तात मारायचं काही नव्हतं, तिथे जे बनत नव्हतं ते बनवायचं होतं. "जीन थेरपी" हा शब्द एकच, कामं दोन. टीव्हीवर एवढं कोण सांगत बसतो?

बाबांना हे पटलं. पण ते हलले नाहीत. "मग आपल्यावाली कुठाय?"

या प्रश्नाचं उत्तर देता देता पुढचे नऊ महिने गेले. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न विचारेपर्यंत या घराची दोन वर्षं आधीच गेली होती.

सुरुवात: गुलाबी बाळ

मोठीचा जन्म फेब्रुवारी २०१८ चा. आजी अजून सांगते, "जन्मली तेव्हा कशी गुलाबी होती बाई, गुलाबाचं फूल." सातव्या महिन्यापासून बाळ पांढरं पडायला लागलं. दूध पिताना दमायचं, पोट फुगल्यासारखं दिसायचं. दात येतायत, नजर लागलीय, असं दीड महिना चाललं. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन ४.१ निघालं.

आजीचं "गुलाबी" खोटं नव्हतं. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला गर्भातलं हिमोग्लोबिन म्हणू. ते बनवणारं जनुक वेगळं. जन्मानंतर हळूहळू तो कारखाना बंद होतो आणि मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन बनवणारा सुरू होतो. त्यातली बीटा साखळी बनवणारं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. मोठीच्या दोन्ही गुणसूत्रांवर ते बिघडलेलं. जुना कारखाना बंद होईपर्यंत कुणाला काही कळलं नाही. नवा कधी सुरूच झाला नाही.

एक जनुक आईकडून, एक बाबांकडून. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे दोनांतलं एकच जनुक बिघडलेलं. त्यांना स्वतःला काही त्रास नाही आणि कधी होणारही नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर, म्हणजे मोठीसारखी दोन्ही जनुकं बिघडलेलं, असण्याची शक्यता चारात एक, मायनर असण्याची दोनात एक. हे गरोदरपणातच कळायला हवं होतं. आईची जुनी फाइल मी पाहिली. चौथ्या महिन्यातला साधा सीबीसी: हिमोग्लोबिन १०.१, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६२, तांबड्या पेशी ५६ लाख. लोह कमी असतं तेव्हा पेशींचा आकडाही सहसा उतरतो. इथे पेशी लहान, पण संख्येने भरपूर. एमसीव्हीला पेशींच्या आकड्याने, दशलक्षात मोजून, भागलं की ११ येतात. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाची शंका घ्यायची, हे आमच्या तंत्रज्ञांना तोंडपाठ असतं. त्या रिपोर्टवर निळ्या शाईत लिहिलं होतं: "लोहाच्या गोळ्या, दिवसातून दोन." एक एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, लिहिली असती तर संपलं होतं. नवऱ्याचीही झाली असती.

दोन नाळा

निदान झाल्यावर पहिल्याच भेटीत बाबांनी बॅगेतून एक चकचकीत फोल्डर काढलं होतं. मोठीच्या जन्माच्या वेळी त्यांनी नाळेतलं रक्त एका खासगी बँकेत ठेवलं होतं. हप्त्यावर. प्रसूतिगृहात आलेल्या माणसाने सांगितलं होतं की पुढे कुठलाही आजार झाला तरी हिच्याच पेशी हिच्या कामी येतील. "घ्या मॅडम," बाबा म्हणाले, "तिच्याच आहेत. लावा तिला."

नोकरीतल्या जड दिवसांत तो दिवस मी मोजते. त्या पिशवीतल्या पेशीही मोठीच्याच. म्हणजे त्यांच्यातही तीच चूक, दोन्ही गुणसूत्रांवर. त्या तिला परत दिल्या तर पुन्हा थॅलेसेमियाच उगवणार. जनुकाच्या आजाराला स्वतःच्या नाळेचं रक्त जसंच्या तसं निरुपयोगी असतं, आणि असं स्वतःसाठी खासगी बँकेत रक्त ठेवण्याची शिफारस आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषदही करत नाही. फोल्डरवर बाळाचा हसरा फोटो होता. बाबा तो उलटा करून ठेवत म्हणाले, "म्हणजे पंक्चर टायरच स्टेपनी म्हणून ठेवलं."

याच गोष्टीचा दुसरा भाग जास्त लागतो. २०२० च्या शेवटी आई पुन्हा गरोदर राहिली. यावेळी सगळं शहाण्यासारखं केलं. अकराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, केईएमच्या आवारात, तपासणी झाली. बाळ मायनर, म्हणजे आईबाबांसारखंच धडधाकट. ऑगस्ट २०२१ मध्ये धाकटा जन्मला. त्याच्या नाळेतलं रक्त मात्र कचऱ्यात गेलं.

घरात एक आजारी मूल असताना पाठच्या भावंडाच्या नाळेचं रक्त राखून ठेवणं, याला वैद्यकात खरंच अर्थ आहे. ते भावंडाशी जुळलं तर वापरता येतं. पण या घराने एकदा हप्ते भरून हात पोळून घेतले होते. कुणी नाळेचं नाव काढलं तर बाबा ऐकून घ्यायला तयार नव्हते. त्यात कोविडची दुसरी लाट नुकती ओसरलेली, आणि बाळंतपणाच्या खोलीत या विषयावर बोलणारं आमच्यापैकी कुणी नव्हतं. जे ठेवायचं नव्हतं ते भाड्याने शीतपेटीत, जे ठेवायचं होतं ते बादलीत. मी तेव्हा फोन करायला हवा होता. केला नाही.

गंज

मोठीला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी. वर्षाला सतरा. एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळपास नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम, तेही त्वचा झडून वगैरे. बाकीचं साठतं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये. बाबांना हे एका शब्दात कळलं: "गंज." म्हणून लोह उतरवणारं औषध रोज द्यायचं. मोठीला डेफेरासिरॉक्स होतं, पाण्यात विरघळवून, रिकाम्या पोटी.

मार्च २०२२ मध्ये मोठीचं फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १८०० होतं. एप्रिल २०२४ मध्ये ३४००. यकृत बरगडीखाली तीन सेंटिमीटर हाताला लागत होतं. औषध नीट चालू आहे का, असं विचारलं की बाबा ठासून "हो" म्हणायचे आणि आई खाली बघायची. बाबा गॅरेजवर गेल्यावर एकदा तिने सांगितलं, "ताई, खोटं नाही बोलत. एक दिवसाआड देते. प्यायली की पोट धरून बसते, शाळेत जात नाही. आणि महिन्याच्या शेवटी गोळ्या पुरवायला लागतात."

या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट झाली नव्हती: धाकट्याची एचएलए तपासणी, म्हणजे त्याचा बोन मॅरो बहिणीला बसवण्याइतका जुळतो का ते बघणारी. डॉक्टरांनी तो सहा महिन्यांचा असल्यापासून लिहून दिली होती. आजीचा विरोध उघड होता. एक लेकरू सुईखाली आहे तेवढं पुरे, दुसऱ्याला कशाला ओढता? बाबांचा विरोध मात्र मला उशिरा कळला. ते थांबले होते. जीन थेरपी येणार, कुठे ना कुठे रोज वाचत होते, ती आली की भावाला हात लावायची गरजच नाही. मोठीच्याच पेशी, मोठीलाच. शिवाय (हे ते अगदी हळू म्हणाले) शीतपेटीतली ती पिशवी वाया जाणार नाही.

मला यात मूर्खपणा दिसत नाही. तर्क बरोबर होता, फक्त मोठीचं यकृत थांबायला तयार नव्हतं.

मधल्या काळात चाळीतल्या कुणीतरी उपनगरातल्या एका क्लिनिकचा पत्ता दिला होता. तिथे "स्टेम सेलचं इंजेक्शन" मिळत होतं, तीन लाखांत, सहा बैठका. कुठल्या पेशी, कुणाच्या, कुठे जाऊन काय करणार, काही नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशींचं (रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचं) प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी स्टेम सेलच्या नावाखाली जे चालतं ते फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. मी बाबांना एवढंच म्हटलं की पावती मागा, आणि पावतीवर कुठला आजार लिहितात ते बघा. त्यांनी मागितली. मिळाली नाही. विषय संपला.

गॅरेजच्या भाषेत

तर "आपल्यावाली कुठाय?"

आम्ही तिघं, म्हणजे बाबा, आई आणि मी, डे केअरच्या मागच्या व्हरांड्यात बसलो. डॉक्टर मध्येच येऊन दहा मिनिटं बोलून गेल्या. मी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढत होते. बाबांनी पेन घेतलं.

"हे बघा मॅडम. बोन मॅरो म्हणजे इंजिन. बरोबर? हिचं इंजिन कंपनीतूनच फॉल्टी आलंय. रोज वरून तेल ओततोय, ते म्हणजे रक्त. आता रस्ते दोन. एक, भावाचं इंजिन आणून बसवायचं. दोन, हिचंच इंजिन उतरवायचं, बोअर मारून नीट करायचं आणि परत बसवायचं. दुसऱ्यात भावाला त्रास नाही, पार्ट जुळायची भानगड नाही."

इतकी वर्षं या कामात आहे, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. त्यांच्याच चित्रात मी पुढचं भरलं.

बोअर मारायच्या दोन पद्धती तेव्हा मान्यता मिळून बाजारात होत्या. एकीचं नाव झिंटेग्लो, अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर. रुग्णाच्या मूळपेशी काढतात, निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवर चांगलं बीटा जनुक बसवून ते पेशीत सोडतात. बिघडलेलं जनुक जागीच राहतं, शेजारी चांगलं येऊन बसतं. दुसरी कॅसगेव्ही. तिला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता दिली, आणि थॅलेसेमियासाठी अमेरिकेने जानेवारी २०२४ मध्ये. ती क्रिस्परची, जनुकं कापणाऱ्या ज्या कात्रीला २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तीच. गंमत म्हणजे ती बीटा जनुकाला हातच लावत नाही. गर्भातल्या हिमोग्लोबिनचा कारखाना बंद ठेवणारं जे बटण असतं, त्याचं नाव बीसीएल११ए, त्याची रक्तपेशींपुरती तार कापते. जुना कारखाना पुन्हा सुरू होतो.

"म्हणजे आजीचं गुलाबी बाळ परत," आई म्हणाली. तिने एवढ्या वेळात काढलेलं हे पहिलं वाक्य.

हो. पण. कॅसगेव्ही १२ वर्षांवरच्यांना, मोठी सहा वर्षांची. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठरा कोटींच्या वर. झिंटेग्लो २८ लाख डॉलर. दोन्ही भारतात मिळत नव्हत्या. आणि शीतपेटीतली पिशवी? अशा उपचाराला पेशी खूप लागतात. इंजेक्शनं देऊन मूळपेशी रक्तात उतरवायच्या आणि मशीनवर तासन् तास बसवून गोळा करायच्या. नाळेतल्या मूठभर पेशींवर ते भागत नाही.

हे सगळं सांगूनही बाबांच्या चेहऱ्यावर होतं ते गेलं नाही: "आज नाही, पण उद्या." तेव्हा डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, "दादा, बोअर मारलेलं इंजिन परत बसवायचं तर गाडीत आधी काय करावं लागतं?"

"जुनं उतरवावं लागतं."

"हां. ते दोन्हीत उतरवावं लागतं."

हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, मी धरून चालले होते. जीन थेरपी म्हणजे एक इंजेक्शन, असं त्यांचं चित्र होतं. प्रत्यक्षात या दोन्ही उपचारांत दुरुस्त पेशींना जागा व्हावी म्हणून मज्जा, म्हणजे बोन मॅरो, आधी बुसल्फानसारख्या जहाल केमोथेरपीने रिकामी करावी लागते. केस जातात, तोंड सोलवटतं, तीन आठवडे पांढऱ्या पेशींशिवाय काढावे लागतात, पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर घाला पडू शकतो. भावाच्या पेशी घेतल्या तरी हेच. स्वतःच्या पेशींचा फायदा एकच, पण मोठा: परक्या पेशी अंगाविरुद्ध उठतात तो प्रकार, जीव्हीएचडी, होत नाही. दुसरीकडे जनुक भलत्या जागी जाऊन बसायचं भय असतं. फ्रान्समध्ये २००० च्या सुमारास रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांवर जुन्या प्रकारचे विषाणू वापरून जीन थेरपी झाली. मुलं बरी झाली आणि त्यांतल्या काहींना त्याच जनुकामुळे ल्युकेमिया झाला. आताचे जनुक वाहून नेणारे विषाणू त्याहून सुरक्षित आहेत. तरी जुळणारा भाऊ घरात असेल तर आजही पहिली पसंती भावालाच.

"आणि थांबलो तर?" बाबा.

प्रत्यारोपणाच्या आधी इटलीतल्या पेसारो शहराच्या नावाने ओळखली जाणारी वर्गवारी लावतात. यकृत वाढलंय का, त्यात व्रणासारखे धागे झालेत का, लोह उतरवायचं औषध नियमित होतं का. तिन्हींचं उत्तर चांगलं तर पहिला वर्ग, तिन्हींचं वाईट तर तिसरा. मोठी २०२२ मध्ये पहिल्या वर्गात बसली असती. आता दुसऱ्यात. आणखी सहा वर्षं थांबून कॅसगेव्हीच्या वयाची होईपर्यंत काय झालं असतं, ते डॉक्टरांनी आकड्यात सांगितलं नाही. हात पोटावर ठेवून यकृत कुठवर आलंय ते बाबांना दाखवलं. बाबांनी बोटं तशीच ठेवली. बऱ्याच वेळाने काढली.

सोळात तीन

जून २०२४ मध्ये धाकट्याच्या गालातून कापसाच्या काडीने नमुना घेतला. सुई नाही. आजीला हे आधी सांगितलं असतं तर कदाचित वर्ष वाचलं असतं. आमचं "रक्त तपासणी" हे सरसकट बोलणं कधी कधी महाग पडतं.

एचएलएची जनुकं ६ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, थॅलेसेमियाचं ११ वर. दोन्हींची वाटणी वेगवेगळी होते. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि ते मेजर नसण्याची चारात तीन. दोन्ही एकदम हवं तर सोळात तीन. धाकटा त्या तिनांतला निघाला. तो मायनर असला तरी चालतो, त्याच्या मज्जेतून त्याच्यासारखंच रक्त येणार आणि तेवढं पुरतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि गॅरेजवाल्याचा दाखला हे स्वतंत्र प्रकरण आहे. उरलेलं ट्रस्टांनी आणि भांडुपच्या एका गणेश मंडळाने भरलं. मुंबईत निदान जायला जागा आहेत. याच शहरात १९८३ मध्ये टाटा मेमोरिअलला देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं, आणि आता बोरिवलीला पालिकेचं मुलांच्या रक्तविकारांचं आणि प्रत्यारोपणाचं स्वतंत्र केंद्र आहे.

मधले महिने लोह उतरवण्यात गेले. आईने बाबांसमोर खरं सांगितलं. बाबा चिडले, मग गप्प झाले, मग स्वतः पहाटे उठून औषध विरघळवायला लागले. स्टीलच्या पेल्यात नाही, काचेच्या. फेरिटिन २१०० वर आलं.

संमतीच्या बैठकीत आईने दोनच प्रश्न विचारले. पहिला, वाचेल का? डॉक्टर म्हणाल्या, हिच्यासारख्या दहांतली साधारण नऊ वाचतात. दुसरा, हिला मुलं होतील का? डॉक्टर म्हणाल्या, कदाचित नाही; आताच खात्रीने सांगता येणार नाही. आईने सही केली. धाकट्याच्या वतीनेही आईबाबांनीच सही केली, आणि तिथे मला दरवेळी अडखळायला होतं. साडेतीन वर्षांचा दाता. त्याची बाजू तपासायला वेगळे बालरोगतज्ज्ञ होते, भूल आणि कमरेच्या हाडातल्या सुया यांचा धोका कमी असतो, हे सगळं मला माहीत आहे. तरी त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला विचारलं असतं तर त्याने त्याबदल्यात जेसीबी मागितला असता. तो त्याला मिळाला, पिवळा.

रोजचंच

९ जानेवारी २०२५. धाकट्याच्या कमरेतून २३० मिलिलिटर मज्जा काढली. दुपारी ती वर आली. मोठीने मान वर करून पिशवी पाहिली, लाल, नळी लावलेली, खांबाला टांगलेली, आणि म्हणाली, "हे तर रोजचंच आहे." तिचं बरोबर होतं. दिसायला काहीच वेगळं नसतं. दोन-तीन तासांत पिशवी रिकामी होते आणि पेशी आपल्या आपण रक्तातून हाडांत वाट शोधत जातात.

पाचव्या दिवशी संक्रांत. आजी काचेपलीकडे तिळगुळाचा डबा घेऊन उभी, आत न्यायला बंदी. अठराव्या दिवशी पांढऱ्या पेशींचा आकडा लागोपाठ तिसऱ्यांदा ५०० च्या वर आला. सव्विसाव्या दिवशी तळहात-तळपाय लाल झाले आणि सोलायला लागले. आजी म्हणाली देवी आल्या, डॉक्टर म्हणाल्या जीव्हीएचडी. स्टेरॉइडने तीन आठवड्यांत आटोक्यात आलं. त्या तीन आठवड्यांत बाबांनी मला रात्री अकराला एक बातमी पाठवली. वेल्लोरला हिमोफिलियाच्या पाच रुग्णांना जीन थेरपी दिली, सगळ्यांचं रक्तस्राव होणं थांबलं. डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली होती ती. खाली त्यांनी लिहिलं होतं, "घाई केली का आपण?"

मी उत्तर दिलं नाही. सकाळी खोलीच्या बाहेर भेटले तेव्हा म्हटलं की ती हिमोफिलियाची आहे, थॅलेसेमियाची अजून नाही. ते म्हणाले, "माहितीय. तरी वाटतं ना."

पुढे

आज चौदा महिने झाले. मोठीला शेवटचं रक्त फेब्रुवारी २०२५ मध्ये लागलं. हिमोग्लोबिन १०.९. भावाच्या पेशींचं प्रमाण महिन्याला ९४ टक्के होतं, सहा महिन्यांवर ७२ पर्यंत उतरलं, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. वर्षाला ७४. म्हणजे तिथेच टेकलंय. एवढं मिश्रण असलं तरी रक्त पुरेसं बनतं. साठलेलं लोह आता उलट्या दिशेने काढतात, दर महिन्याला थोडं रक्त काढून टाकून. मोठी म्हणते, "आधी घालत होते, आता काढतायत. यांचं काय नक्की नाही." जुन्या लसी पुन्हा पहिल्यापासून.

तिचा रक्तगट ए होता, भावाचा ओ. आता तपासणीत ओ दिसतो. आजीला याचं फार नवल. मला काळजी वेगळीच आहे, आणि ती मी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे. उद्या वीस-बावीस वर्षांची झाल्यावर लग्नाआधी तिची एचपीएलसी कुणी केली तर रिपोर्ट येईल "मायनर", कारण रक्त भावाचं. तिची स्त्रीबीजं मात्र तिचीच राहणार, दोन्ही जनुकं बिघडलेली. तिला मूल झालंच तर ते किमान मायनर असणारच, आणि नवरा मायनर निघाला तर निम्म्या शक्यतेने मेजर. रक्ताचा रिपोर्ट इथे अर्धंच सांगेल. ही गोष्ट आईला मी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तिने ती मला म्हणून दाखवली, न चुकता.

बाबांना गेल्या महिन्यात नाळेच्या बँकेचं पत्र आलं, पुढच्या वर्षांचं भाडं. ते घेऊन माझ्याकडे आले. फेकू का? मी म्हटलं, भावाचं रोपण उद्या निकामी झालं तर उपयोगाला येणारी पिशवी ही नाही. डॉक्टरांना वाटलं तर मज्जेचा वेगळा विचार करता येईल. ते पत्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. भरलं की नाही, मी विचारलेलं नाही.

गेल्या मंगळवारी आई आली, मोठीला न घेता. सोबत तिचा धाकटा भाऊ, चिपळूणहून आलेला, पंचवीस-सव्वीसचा. त्याच्या घरी ही तपासणी कुणाला नको आहे. मुलीकडचे काय म्हणतील याची भीती. आईने त्याला दादर बघायला म्हणून बोलावलं आणि थेट इथे आणलं. "ताई, याची एचपीएलसी करा. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे." तो दारातच उभा. मी फॉर्म पुढे केला. नाव, वय, पत्ता भरून तो "तपासणीचे कारण" या रकान्याशी थांबला, बहिणीकडे पाहिलं आणि लिहिलं: भाची.

मग बाही वर केली.